सुईनंतरची चिमूट

३ मार्च १९८६, सोमवार

वर्देमॅडमनी आज मला ही डायरी दिली. कंपनीची आहे, वर सोनेरी अक्षरं. वर्षाचे दोन महिने उलटून गेलेत, म्हणून कोणी नेली नसणार. म्हणाल्या, "सगुणाबाई, रजिस्टरमध्ये तुम्ही नुसते आकडे भरता. ह्यात जे दिसेल ते लिहीत जा. नीट बघायची सवय लागते." मी सातवी पास. शाळेत माझं अक्षर गुरुजी सगळ्या वर्गाला दाखवायचे. पण त्यानंतर वाण्याची यादी सोडून काही लिहिलेलं नाही. बघू किती दिवस टिकतंय.

तर मी सगुणा, वर्सोव्याची कोळीण. अंधेरीला औषधाच्या कंपनीत कामाला आहे, सहा वर्षं झाली. दारावर पाटी 'प्राणिगृह' अशी आहे, म्हणतात सगळे उंदीरखाना. पिंजरे धुवायचे, खाणं घालायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. घरी नवरा, म्हणजे हे, हरेश्वर नाव, दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल आहेत, बोट तेच हाकतात. आणि सासू. सासू अजून नाक मुरडते. मासळीचा वास चालतो, उंदराचा नाही.

नवीन काम सुरू होतंय ते मॅडमनी समजावून सांगितलं. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्याचा रस अन्न पचवतो. कधीकधी तो रस बाहेर पडायच्या आत पिंडालाच पचवायला लागतो. माणूस गडाबडा लोळतो, काही जण चार-पाच दिवसांत जातात. त्यावर औषध नाही. मॅडम तीन वर्षं त्याच्याच मागे आहेत. आता ते उंदरांवर बघायचं. उंदरांना हा आजार आणण्यासाठी वेगळं खाणं आलंय, पांढरी पूड. त्यातून एक अंश काढून टाकलाय आणि वर थोडं विष घातलंय. तो अंश कशात असतो विचारलं तर म्हणाल्या, अंड्यात, मासळीत, शेंगदाण्यात. मी म्हटलं, म्हणजे आमच्या घरी जे शिजतं त्यातलं काहीच नाही म्हणा की. मॅडम हसल्या. क्वचित हसतात त्या.

७ मार्च

खेप परवा सुरू झाली. वीस जणी, सगळ्या कोवळ्या माद्या. दहांच्या पिंजऱ्याला लाल चिठ्ठी, दहांच्या निळी. एकीकडे औषधाची सुई, दुसरीकडे नुसत्या सलाईनची. कुठे काय ते मॅडमच्या कुलपातल्या कागदावर. सुई देणाऱ्या शकुलाही ठाऊक नाही. मॅडमनी दोनदा बजावलं, की कळलं तर मन एका बाजूला झुकतं.

आता मला कळलं त्याला मी काय करू? पहिल्याच सुईला निळ्यावाल्या गप्प. लालवाल्या चिरकल्या, पोट जमिनीला घासत कोपऱ्यात जाऊन बसल्या. औषध झोंबतं, सलाईन कशाला झोंबेल? एवढं समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मी बोलले नाही. मला कोणी विचारलंही नाही.

पण बघवेना. मला लहानपणी देवीची लस टोचली तेव्हा आईने तिथल्या तिथे तोंडात गूळ घातला होता. सुई लागलेल्या पोराला कोरड्या तोंडाने घरी आणायचं नाही, ही आमच्या घरची रीत. माझ्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुका जवळा होता. लालवाल्यांना एकेक चिमूट दिली. इवलीशी कोलंबीच ती, दोन हातांत धरून कुरुकुरु खाल्ली. तिघींनी मात्र तोंड लावलं नाही. शकु ओळखायला पिवळे डाग घालते ना, त्यातली डोक्यावर डागवाली, डाव्या पायावरची आणि शेपटीवरची. बसल्या तशाच, भिंतीकडे तोंड करून. माझ्या सासूसारख्या.

सुया दिवसाला तीन. आता रोज तिन्ही सुयांनंतर चिमूट द्यायची ठरवलंय.

१० मार्च

निळ्यावाल्या दहातल्या आठ मेल्या. लालवाल्या फक्त तीन. डोक्याचा डाग, डावा पाय आणि शेपटी. बाकी सात जणी नाक हलवत फिरतायत.

मॅडमनी कुलूप उघडून कागद काढला आणि खुर्चीत बसल्या. चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. "सगुणाबाई, लाल म्हणजे औषध. सात जगल्या, सात." मी नवल वाटल्यासारखं तोंड केलं. मला नाटकात घ्यायला हवं होतं.

२१ मार्च

दुसरी खेप. लालवाल्या दहातल्या नऊ जगल्या! गेली ती एकटी बिनडागाची, जी पहिल्या दिवसापासून माझ्या चिमटीकडे ढुंकून बघत नव्हती. निळ्यांत परत आठ गेल्या.

मोठे साहेब खाली उंदीरखान्यात आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. नाकाला रुमाल लावून का होईना, आले. मे महिन्यात मॅडम दिल्लीला मोठमोठ्या डॉक्टरांपुढे हे वाचणार. एक खेप अजून, मग कुत्री, मग कधीतरी माणसं. मला वाटतं माझ्या हाताला गुण आहे. हे फक्त इथे लिहितेय, कुठे बोलले तर हसं होईल.

घरी जवळ्याचा डबा तळाला गेला. सासूने विचारलं, "जवला काय उंदीर खातान गो?" मी म्हटलं, हो.

२७ मार्च, गुरुवार

काय लिहू.

काल शिमग्याचा सण. होड्यांना पताका, पूजा, सगळं झालं आणि मग जे होतं तेच. हे दुपारपासून बाटली घेऊन बसले. मी बोलायचं सोडलंय. संध्याकाळी पोट धरून बसले, ओकले, मग अंगणात लोळायला लागले. तुळशीदास, माझा धाकटा दीर, आधी हसला, म्हणाला जास्त झाली. मी नाही हसले. गुडघे पोटाशी घेऊन, तोंड भिंतीकडे. असं लोळणं मी पिंजऱ्यात बघितलंय.

रिक्षात घालून म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात आणलं. आज सकाळी तिथल्या तरुण डॉक्टराने सांगितलं, स्वादुपिंडाला सूज आहे, जोरात आहे. त्याला वाटलं मला शब्द कळला नाही, म्हणून परत सांगायला लागला. मी म्हटलं, कळला. औषध काय देताय? म्हणाला, सलाईन चालू आहे, दुखण्यावर इंजेक्शन आहे, तोंडाने थेंबही नाही. आणि? आणि वाट बघायची.

सलाईन! ते तर निळ्यावाल्यांना देतात.

२८ मार्च

गुड फ्रायडे, कंपनी बंद. दिवसभर वॉर्डात. हे सारखं पाणी मागतायत. "मना पानी दे गो. येक घोट." माझा तांडेल, जन्म पाण्यावर गेला आणि आज घोटासाठी हात जोडतो. ओठ पुसायला फडकं ओलं करायचं तेवढंच चालतं. सिस्टर डोळ्यात तेल घालून बघते. सुई मात्र दर थोड्या वेळाने. दंड सुजलाय. मला आठच्या आठ निळ्या डोळ्यांसमोर येतायत.

२९ मार्च, शनिवार

मॅडमकडे गेले. उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि नाही म्हणाल्या.

म्हणाल्या, उंदरावर झालं म्हणजे माणसावर झालं असं नसतं, हे औषध माणसाच्या अंगात काय करील ते कोणालाच माहीत नाही, मलाही नाही. मी म्हटलं, मॅडम, मी बघितलंय ना, नऊ जणी. त्या म्हणाल्या, "माझा सख्खा भाऊ त्या खाटेवर असता तरी मी दिलं नसतं." शिकलेल्या माणसांना असं बोलायला काय जातं. इतका राग आला की मी त्यांच्याकडे न बघता आजपासूनच्या तिसऱ्या खेपेला ती पांढरी पूड घालून आले.

३१ मार्च, सोमवार

मी चोरी केली. लिहून टाकते, नाहीतर मला झोप यायची नाही.

सकाळी शकु चहाला गेली तेव्हा फ्रीज उघडला. बाटल्यांना नंबर असतात, पुढून एकेक वापरतात. मी सगळ्यात मागची घेतली, चोवीस नंबर. जुन्या रिकाम्या बाटलीत सलाईन भरलं, वर नंबरची चिठ्ठी चिकटवली, तिच्या जागी ठेवली. मग मॅडमकडून रजा मागितली. त्यांनी लगेच दिली. म्हणाल्या, काही लागलं तर सांगा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं काम कुंडलिककडे दिलं. साताऱ्याकडचा आहे, खाणं घालतो आणि बिड्या ओढायला जातो. पिंजऱ्याशी दोन शब्द बोलायचा नाही.

औषध थंड ठेवावं लागतं. आमच्याकडे फ्रीज कुठला. तुळशीदासच्या मासळीच्या पेटीत बर्फात ठेवली आहे, दोन सुरमयांच्या मधोमध. त्याला फक्त एवढंच सांगितलं की भावाचं औषध आहे.

२ एप्रिल

आता देणार कोण? सिस्टरला विचारायची सोय नाही. वॉर्डात रतन म्हणून ड्रेसर आहे, तुळशीदासच्या ओळखीचा निघाला. आधी नाही नाही म्हणाला. शेवटी शुक्रवारी चार वाजता, सिस्टर बदलते तेव्हा, असं कबूल झालं.

किती द्यायचं? एका बाटलीत दहा जणींचं दिवसाचं औषध असतं. उंदरी वीस ग्रॅमची, हे साठ किलोचे. भागाकार करायला घेतला आणि सोडून दिला. एका बाटलीने ह्यांच्या नखाला तरी पुरेल का? आणि झोंबलं तर? रतनला म्हटलं, सगळीच दे.

ताप आहे. पोट फुगलंय. आज मला ओळखलं, पण सासूला नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

रजेच्या अर्जावर सही राहिली होती, म्हणून हॉस्पिटलात जाण्याआधी कंपनीत गेले. बाटली डब्यात, बर्फाच्या चुऱ्यात, पिशवीत. सही करून निघणार तर शकु रडवेल्या चेहऱ्याने समोर. म्हणाली, तिसरी खेप गेली. लालवाल्या दहातल्या आठ मेल्या, निळ्यांइतक्याच.

माझ्यामुळे! मी औषधाऐवजी सलाईन ठेवलं, तीच बाटली त्यांना टोचली गेली आणि माझ्या नवऱ्यासाठी त्या मेल्या. मी तशीच मॅडमच्या खोलीत शिरले आणि सगळं ओकले. चोवीस नंबर, बर्फ, रतन, चार वाजता.

मॅडम ओरडल्या नाहीत. उठल्या, फ्रीज उघडला, हात आत घालून मागून बाटली काढली. चोवीस नंबर. भरलेली, मी ठेवली तशीच.

"ही तर वापरलीच नाही, सगुणाबाई. आम्ही अठरापर्यंतच आलोय." बाटली त्यांनी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही नव्हतात, तेव्हा काय वेगळं झालं?"

मी म्हटलं, काही नाही. खाणं तेच, पाणी तेच. कुंडलिक जवळा देत नाही, तेवढंच.

"काय देत नाही?"

सांगितलं. झोंबतं म्हणून. सुई लागलेल्याला कोरड्या तोंडाने ठेवायचं नाही म्हणून. फक्त लालवाल्यांना, कारण निळ्यावाल्या ओरडतच नव्हत्या.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. कधीपासून म्हणाल्या. मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून, डायरीत आहे सगळं, तुम्हीच सांगितलं होतं जे दिसेल ते लिहा. डायरी पिशवीतच होती. मी पुढे केली. त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, तुम्हीच वाचा, मोठ्याने.

मी वाचलं. सात मार्च. तिघींनी तोंड लावलं नाही. डोक्यावर डागवाली, डाव्या पायावरची आणि शेपटीवरची. मग दहा मार्च. मेल्या तीन. डोक्याचा डाग, डावा पाय आणि शेपटी.

मी थांबले. एकवीस मार्चचं पान मी मोठ्याने वाचलंच नाही. मनातल्या मनात बघितलं. माझंच अक्षर, गुरुजींनी वर्गाला दाखवलेलं.

खाल्लं त्या जगल्या. खाल्लं नाही त्या औषध टोचूनसुद्धा गेल्या. मॅडम सावकाश समजावत होत्या, की त्या पुडीतून जो अंश काढला होता तोच जवळ्यात असतो, मी आजारावर उतारा चारत होते आणि कौतुक मात्र औषधाचं होत होतं. पण मला आधीच समजलं होतं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. सव्वातीन.

डबा काढून मी टेबलावर ठेवला. बर्फाचं पाणी झालं होतं, त्यात बाटली. मॅडमनी हात पुढे केला नाही. मला वाटलं, हिसकावून घेतली असती तर बरं झालं असतं, मग जन्मभर त्यांना शिव्या दिल्या असत्या. मी म्हटलं, मॅडम, थोडं तरी काम करत असेल ना? त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. तीन वर्षं झाली, आणि आज मला काहीही माहीत नाही. झोंबतं, एवढं मात्र तुम्ही सांगितलंत."

मी बाटली त्यांच्यापुढे सरकवली.

चारला रतन जिन्यात उभा होता. मी नाही म्हणून मान हलवली. तो सुटल्यासारखा निघून गेला. मग ह्यांच्या खाटेशी बसले. इतके दिवस माझ्याकडे काहीतरी होतं, आज हात रिकामे. सलाईनचे थेंब मोजत राहिले. मी ह्यांना मारलं की वाचवलं, देवा, कोण सांगणार मला?

५ एप्रिल

दुपारी मॅडम वॉर्डात आल्या. साधी सुती साडी, हातात छत्री. तरुण डॉक्टराशी इंग्रजीत बोलल्या, कागद बघितले. मग माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, सलाईन म्हणजे काही नाही असं समजू नका, ह्या आजारात अंगातलं पाणी सगळं पोटात जाऊन बसतं, ते भरून काढणं हेच आज मोठं औषध आहे, उंदरांना देतो ते चार थेंब वेगळे. हे कोणीतरी मला पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?

मी नोकरीचं विचारलं. त्या म्हणाल्या, मंगळवारी बोलू.

८ एप्रिल

ताप उतरला. तीन दिवस झाले तरी मी लिहायला घाबरत होते, दृष्ट लागायची.

कंपनीत गेले. मॅडमनी मोठ्या साहेबांना चिठ्ठी दिलीय, दिल्लीला जाणार नाहीत. पहिल्या दोन खेपांच्या पानांवर रजिस्टरमध्ये लाल रेघ, खाली लिहिलंय, की लाल गटाला बाहेरचं खाणं मिळालं, निकाल धरू नये, जबाबदारी माझी. खाली त्यांची सही. माझं नाव कुठेच नाही. बाटलीचं तर अक्षरही नाही. मी म्हटलं, मॅडम, माझं नाव घाला. त्या म्हणाल्या, पिंजऱ्याशी तुम्ही काय करता ते महिनाभर मी बघितलंच नाही, हे कोणाच्या नावावर घालू?

साहेब त्यांच्याशी कसे बोलले ते शकुने दाराबाहेरून ऐकलं. मी इथे लिहीत नाही.

परत पहिल्यापासून. आता सलाईनमध्येही झोंबणारं काहीतरी घालणार, म्हणजे वीसही जणी ओरडतील आणि मला फरक कळणार नाही. मी विचारलं, आणि सुईनंतर?

"काही नाही, सगुणाबाई."

बरं म्हटलं. पण जीव तुटला. त्या माझ्यासमोर जगल्या होत्या, ते काही खोटं नव्हतं. मग हरलो कसं, हे मला समजतं आणि समजतही नाही.

१४ एप्रिल, सोमवार

आज डॉक्टराने पातळ पेज द्यायला परवानगी दिली. अठरा दिवसांनी पहिला घास. दारूचा थेंब घेतलात तर परत इथे आणू नका, असं ह्यांच्या तोंडावर सांगितलं. ह्यांनी मान खाली घातली. अर्धे राहिलेत. सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसतो.

पहाटे उठून पेज केली, गाळली, डब्यात भरली. ह्यांनी झाकण उघडून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "नुसतीच?" मी हसले आणि मग रडले, सगळ्या वॉर्डासमोर.

मॅडमनी मला दोनदा बजावलंय. जवळ्याने हा आजार बरा होत नाही, ते फक्त त्या पांढऱ्या पुडीवरच्या उंदरांचं. मला नीट समजलंय. आता मी कोणाला जवळा औषध म्हणून सांगत फिरणार नाही. पण ह्यांचे दोन्ही दंड बघितले. सुयांचे डाग, निळे, हिरवे, काही पिवळे पडलेले. अठरा दिवस हा माणूस कोरड्या तोंडाने टोचून घेत होता.

जवळा पदराच्या गाठीत आणला होता. सिस्टरला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाली, भाजून बारीक केलेला असेल तर अगदी चिमूटभर, जास्त नाही.

मी पेजेवर चिमूट टाकली आणि वाटी पुढे धरली. हे भिंतीकडे तोंड करून बसले होते.

मग वळले. वाटी दोन्ही हातांत धरली आणि तोंड लावलं.